धुवायला नेलेली भिंत

करंजपिंपरीच्या देवळावर कौलं होती, तेव्हाची ही हकीकत. तिथले ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणतात. ते तेव्हा इतकं लहान होतं, की पाळकसाहेबांनी आशीर्वादाला दोन्ही हात पसरले तर एक हात खिडकीबाहेर जायचा, असं म्हणतात.

देवळाची मागची भिंत वाडवडलांनी रचलेली. घरटी एक थोरला दगड, डोक्यावरून आणलेला. ज्याचा दगड भिंतीत, त्याची जागा आत. दगड नसेल त्यानं बाहेर लिंबाखाली बसायचं. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो खोडायचा कुठं हेही कुणाला कळत नव्हतं.

नथनेल गवंडी बाहेरगावाहून पोटासाठी आलेला. गावातली निम्मी घरं त्यानं बांधली, पण भिंतीत त्याचा दगड नव्हता. त्याची बायको तबिता नऊ वर्षं लिंबाखाली एका चपट्या दगडावर बसून उपासना ऐकत होती. म्हणजे अर्धी ऐकत होती, अर्धी कावळे ऐकू देत नव्हते. आतलं गीत तिच्यापर्यंत उशिरा पोचायचं, म्हणून ती अर्धी ओळ मागून गायची. त्यातच तिचा एक कान बहिरा झाला. एका रविवारी घरी येऊन ती म्हणाली, "अवं, अख्ख्या गावाला छप्पर देता, अन् मला मरायच्या आत वीतभर जागा न्हाई व्हय?" नथनेलच्या हातातला घास तसाच राहिला. ते त्याला फार लागलं.

त्यानं पंचांपुढं देऊळ वाढवायची गोष्ट काढली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मागची भिंत सरकवायची म्हटल्यावर सीलासतात्या उठले. त्यांच्या आज्याचा दगड सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत वर होता.

"देऊळ वाढव, पर भितीला हात लावशील तर याद राख," तात्या म्हणाले.

"न्हाई लावत," नथनेल म्हणाला. "तिच्या एका बी दगडाला माझा हात लागायचा न्हाई."

मग त्यानं बाजूच्या दोन्ही भिंती मागं वीस हात वाढवल्या, छपराला बाभळीचे टेकू दिले, वर कौलं चढवली. जुनी भिंत मधोमध तशीच उभी. लोक हसले, नथनेलनं देवळाला गोठा जोडला म्हणाले. पाळकसाहेब महिनाभर इतर खेड्यांच्या फेरीला निघून गेले.

पुढच्या रविवारी नथनेल त्या भिंतीपुढं उभा राहिला आणि त्यानं मोठा सुस्कारा टाकला. "काही दगड लई काळे पडल्यात," तो म्हणाला. "कुणाचे त्ये सांगत न्हाई. पर सुगीच्या सणाला पाव्हणे येत्याल, बघत्याल." आणि जाता जाता त्यानं सीलासतात्यांच्या दगडाकडं नुसतं एकदा पाहिलं.

संध्याकाळच्या आत तात्यांचा दगड बैलगाडीतून घरी गेला होता. तात्यांनी नेला म्हटल्यावर शेजारच्यानं नेला. वरचा थर उतरला तसे खालच्या थरातले लोक रांगेत उभे राहिले. घरोघरी राख, विटेचा चुरा, काथ्या घेऊन बायामाणसं दगड घासत बसली. एका घरात तर दगडाला उटणं लावलं, असं म्हणतात.

पाळकसाहेब परतले आणि दारातच थबकले. "नथनेल, भिंत कुठं गेली?"

"घरोघरी गेलीया, साहेब. म्या हात लावला न्हाई."

त्या रविवारी गीत सुरू झालं आणि मोकळ्या जागेतून अर्धी ओळ मागून एक बारीक आवाज आत आला. "हे मागून कोण गातंय?" सीलासतात्यांनी विचारलं. तबिता गाते, नऊ वर्षं गाते, असं कुणीतरी सांगितलं. तात्या त्या दिवशी पुढं गायलेच नाहीत.

सुगीच्या सणाला गाड्या जोडून, हलगी लावून दगड परत आले. वीस हात मागं, नव्या पायावर, ज्याचा त्यानं रचला. शब्द दिलेला, म्हणून नथनेल हात पाठीशी बांधून उभा होता आणि हनुवटीनं डावं-उजवं दाखवत होता. पण शेवटी भिंतीत एक मोठं भोक राहिलं. लोकांनी घासून घासून दगडच लहान केले होते, असं म्हणतात, आणि तात्यांचा तर निम्मा झाला होता.

सगळे त्या भोकाकडं बघत राहिले. तात्या लिंबाखाली गेले, तबिताला उठवलं, आणि तिचा चपटा दगड डोक्यावर घेऊन आले. त्यांनी तो नथनेलपुढं ठेवला.

"ह्यो काय त्या भितीतला न्हाई," तात्या म्हणाले. "ह्याला तरी हात लाव."

नथनेलनं दगड बसवला. तेवढाच एक दगड आजही जरा वाकडा आहे.

करंजपिंपरीत अजून सुगीच्या आधी घरटी एक माणूस येऊन आपला दगड घासतं. चपट्या दगडापुढची जागा गावात नव्यानं आलेल्यासाठी राखलेली असते. आणि सणाचं पहिलं गीत नथनेल-तबिताच्या नावानं सगळी मंडळी पाळकाच्या अर्धी ओळ मागून गातात. नवा पाळक पहिल्या वर्षी गडबडतो. दुसऱ्या वर्षी तोही थांबतो.