राळेची पेटी

जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती कोणत्या राज्यात घडली हेही आता कुणाला आठवत नाही. रानाला लागून असलेल्या एका गावात एक पेटीवाला राहत होता. मातीच्या साच्यावर तो तागाचं कापड ताणायचा आणि वर गरम राळ ओतायचा. एक थर वाळला की दुसरा, मग तिसरा. शेवटी आतला साचा फोडून काढायचा. वरून बैल चालला तरी ती पेटी दबत नसे. तयार पेटी तो पाण्यात बुडवून बघे, आणि आत एक थेंब जरी दिसला तरी शरमेने दिवसभर जेवत नसे.

एके वर्षी बिबट्या गावात येऊ लागला. त्याने पेटीवाल्याची बायको अंगणातून उचलून नेली. मागे उरली एक लहान मुलगी. पेटीवाल्याच्या जिवाला थारा राहिला नाही. हातातली सगळी कामं टाकून त्याने लेकीला झोपण्यासाठी घरातच एक मोठी पेटी करायला घेतली.

शेजारच्या म्हातारीने हट्टाने पेटीला चार भोकं ठेवायला लावली. मुलगी आत सुखाने झोपू लागली, पण ती भोकं पेटीवाल्याच्या डोळ्यांत खुपत राहिली. जन्मभर ज्याने सुईएवढी फट राहू दिली नाही, त्याला ती कशी बघवणार?

एके दिवशी गोठ्यामागे बिबट्याचे ठसे दिसले. पेटीवाल्याने पुन्हा राळ तापवली.

"भोकं राहू द्या ना, बाबा," मुलगी म्हणाली. "त्यातून मला तुम्ही दिसता."

"त्यातूनच नखं आत शिरतात, बाळा."

म्हातारी कळवळून म्हणाली, "अरे, आत लेकरू निजायचंय, धान्य नाही."

त्याने ऐकलं नाही. भोकांवर कापड चढलं, राळ चढली. थर वाळल्यावर त्याने लेकीला आत निजवलं, झाकण घट्ट बसवलं आणि कोयता घेऊन उंबऱ्यात बसला. बिबट्या आला नाही. पेटीतून हाक आली असेलही. पण भिंती इतक्या पक्क्या होत्या, की बाहेर काही ऐकू आलं नाही.

उजाडल्यावर त्याने झाकण उघडलं. लेक गार पडली होती. तिची बोटं बुजवलेल्या भोकांवर टेकलेली होती.

पुढे बिबट्या गावकऱ्यांच्या खड्ड्यात सापडला. लोक पेटीवाल्याला बोलवायला आले, पण तो जागचा उठला नाही. बायकोला बिबट्याने नेलं होतं. लेकीला कुणी नेलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

माया भीतीच्या हाती गेली, की ती ज्याला जपते त्याचाच श्वास कोंडते.