तुरतुरीची चारोळी आणि आरशासारखी फरशी

एक होतं गॅरेज. गॅरेजात होती फरशी. साधीसुधी नाही, इपॉक्सीची! रंगासारखी ओतायची. वाळली की आरशासारखी चमकायची. वाकून बघितलं, की आपलंच नाक दिसायचं.

त्या फरशीवरून निघाली एक मुंगी. तिचं नाव तुरतुरी.
तुरुतुरु, तुरुतुरु.
डोक्यावर चारोळी. खिरीतली!

आज घरी टिकलूचं उष्टावण होतं. टिकलू म्हणजे तुरतुरीचा धाकटा भाऊ. एवढुस्सा! आज तो पहिला घास खाणार होता. मुंगळामामा पाटावर बसला होता. टिकलू मामाच्या मांडीवर बसला होता. तोंड उघडून! फक्त चारोळी यायची होती.

"चला, चला, उशीर झाला!" तुरतुरी म्हणाली.
झाला नव्हता. पण तिला नेहमी वाटायचं, झालाच.

गाडीखाली ती थबकली. फरशीत दुसरीच मुंगी! तिच्याही डोक्यावर चारोळी!
"कोण गं तू?" तुरतुरी वाकली.
घसर्रर्र! टुण्! डुबुक!
चारोळी पडली तेलात. गाडीतून गळलेल्या काळ्या, चिकट तेलात.
तुरतुरीने ओढली. निघेना. ढकलली. हलेना.

"फरशीताई, फरशीताई, माझी चारोळी दे ना!"
फरशी म्हणाली, "मी कुठे धरलीय? तेलाने धरलीय. फडकं तेल पुसेल, तर चारोळी निघेल."

तुरुतुरु, तुरुतुरु. तुरतुरी गेली फडक्याकडे. मऊ मऊ फडकं दोरीवर लोंबत होतं.
"फडकेराव, फडकेराव, तेल पुसा ना!
तेल सोडेना,
चारोळी निघेना,
टिकलू जेवेना!"
फडकं म्हणालं, "कोरड्याने पुसू? तेल नुसतं इकडून तिकडे जाईल. बादली कोमट पाणी देईल, चमचाभर साबण देईल, तर मी पुसेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तुरतुरी गेली बादलीकडे.
"बादलीमावशी, बादलीमावशी, पाणी भर ना!
फडकं पुसेना,
तेल सोडेना,
चारोळी निघेना,
टिकलू जेवेना!"
बादली म्हणाली, "अगं बाई! फरशीवर वाळू किती! चाकांना चिकटून आलेली. वाळूवर फडकं घासलं, की फरशीला ओरखडे! झाडू वाळू झाडेल, तर मी भरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तुरतुरी गेली झाडूकडे. झाडू कोपऱ्यात उभा होता. मिश्या पिंजारून.
"झाडूकाका, झाडूकाका, वाळू झाडा ना!
बादली भरेना,
फडकं पुसेना,
तेल सोडेना,
चारोळी निघेना,
टिकलू जेवेना!"
झाडू म्हणाला, "मी तर कधीचा तयार! पण मधे बघ कोण बसलीय. गाडी हलेल, तर मी झाडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तुरतुरी गेली गाडीकडे. गाडी घोरत होती. घुर्रर्र, फुस्स.
"गाडीबाई, गाडीबाई, जरा हला ना!
झाडू झाडेना,
बादली भरेना,
फडकं पुसेना,
तेल सोडेना,
चारोळी निघेना,
टिकलू जेवेना!"
गाडीने एक दिवा उघडला. "मी काय मुंगीने ढकलून हलते? किल्ली मिळेल, तर मी हलेन."
"कुठेय किल्ली?"
"मला गं काय माहीत! घरातले सगळे तीच शोधतायत."

खरंच शोधत होते. कौस्तुभबाबा सोफ्याखाली. वैदेहीआई पडद्यामागे.
"वैदेही, किल्ली कुठे ठेवलीस?"
"मी? काल गाडी कोणी लावली?"
"फ्रिजवर पण नाहीये."
"फ्रिजवर किल्ली कोण ठेवतं, कौस्तुभ?"
"तू. परवा."
 वैदेहीआईने फ्रिजच्या आत बघितलं. उगीच. एकदा बघितलेलं बरं.

गॅरेजच्या दारात बाबागाडी होती. तिच्यात त्यांचं बाळ, निमू. निमू रडत होता. आँऽऽ! आँऽऽ!
"दात येत असतील."
"झोप आली असेल."
"भूक लागली असेल."
"आत्ताच तर जेवला!"
आँऽऽ! आँऽऽ!

तुरतुरी इकडे पळाली. तुरतुरी तिकडे पळाली. मामाची मांडी दुखत असेल! टिकलूचं तोंड दुखत असेल! की त्याने तोंड मिटलंच असेल?

"शुक् शुक्! ए मुंगे!"
फळीवरून कोण बोललं? तारेचा ब्रश! काटे काटे, ताठ ताठ.
"मी येतो! मला पाणी नको. मला साबण नको. मला काहीच नको! तेल निघेल, चारोळी निघेल. खर्र खर्र खर्र! आत्ता!"

"या, या!" तुरतुरीने टुणकन उडी मारली.
तेवढ्यात फरशी थरथरली. 
तुरतुरीने खाली बघितलं. फरशीतल्या मुंगीने वर बघितलं.
"फरशीताई, दुखेल का तुला?"
"हो. ओरखडे उठतील. मग ते जात नाहीत. मग माझ्यात कुणी दिसत नाही."

तुरतुरीला खूप घाई होती. खूप खूप घाई होती.
तरी ती म्हणाली, "नको, ब्रशदादा. तुम्ही वरच बसा."
"बघ हं! मग रडू नकोस!" ब्रश फुरंगटला.
तुरतुरी रडलीच. थोडीशी.

फरशी हळूच म्हणाली, "तुरतुरे, माझ्यात बघ. तिकडे, दाराजवळ. काय चमकतंय?"
तुरतुरीने डोळे पुसले. बघितलं.
फरशीत एक बाबागाडी दिसली. बाबागाडीत बाळ दिसलं. बाळाची मूठ दिसली. मुठीत काहीतरी चम्म चम्म.
किल्ली!

तुरुतुरु, तुरुतुरु! तुरतुरी चाकावर चढली. दांडीवर चढली. निमूच्या गुडघ्यावर चढली.
"निमूबाळा, निमूबाळा, मूठ उघड ना!
किल्ली मिळेना,
गाडी हलेना,
झाडू झाडेना,
बादली भरेना,
फडकं पुसेना,
तेल सोडेना,
चारोळी निघेना,
टिकलू जेवेना!"

निमूला माणसांची भाषा अजून येत नव्हती. मुंग्यांची येत होती.
"नाही देणार!" निमू म्हणाला. "माझ्याशी कुणी खेळतच नाही. सगळे किल्लीच शोधतायत. मला हसवशील, तर मूठ उघडेन."

चावू का? तुरतुरीच्या मनात आलं. हळूच? एकदाच?
तिने निमूची करंगळी बघितली. इवलीशी, गुबगुबीत. अगदी टिकलूसारखी.
नको. चावायचं नाही.

तुरतुरी करंगळीवर चढली. तुरुतुरु. अंगठ्यावर गेली. तुरुतुरु. तळव्याकडे वळली. गुदु गुदु, गुदु गुदु!
निमू हसला. खुदकन!
मूठ उघडली. किल्ली पडली. खण्ण!

"अरे, किल्ली! याच्याकडेच होती!" बाबा धावले.
"तोंडात घातली नव्हती ना? बघ रे नीट!" आई धावली.

मग काय!
किल्ली मिळाली.
गाडी हलली. घुर्रर्र, मागे मागे.
"अरेरे, तेल गळलंय! नव्या फरशीवर!" बाबांनी फळीवर हात घातला.
"तो तारेचा ब्रश ठेव आधी खाली!" आई ओरडली. "आणि फिनेल ओतू नकोस. आधी झाडू."
"हो बाई, झाडू."
झाडू झाडू लागला. सुर्र सुर्र. तुरतुरी चारोळीपुढे उभी राहिली. सहा पाय रोवून! झाडूने हळूच वळसा घातला.
बादली भरली. बुड बुड बुड, कोमट कोमट.
फडकं पुसू लागलं. सुळ्ळ सुळ्ळ. आधी साबणाने, मग साध्या पाण्याने.
तेल सुटलं.
चारोळी निघाली! न्हाऊन माखून, लख्ख लख्ख.

"थांब, थांब!" आई खाली वाकली. "मुंगी आहे तिथे. जाऊ दे तिला."
बाबांनी फडकं उचललं. "जा बाई. तुलाही घाई दिसतेय."

होतीच! तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या फटीत!
मुंगळामामा पाटावरच होता. टिकलू मामाच्या मांडीवरच होता. तोंड अजून उघडंच होतं!
मामाने चारोळी भरवली.
टिकलूने चाखली.
टिकलूने... थू! बाहेर काढली.
तुरतुरीने ती पटकन उचलली. 
मग टिकलूने चारोळीकडे बघितलं. मग तुरतुरीकडे बघितलं. आणि आ केला. मोठ्ठा!
"तू भरव, ताई."
तुरतुरीने भरवली.
आम्!
टिकलू जेवला!

फरशी पुसून झाली, गोष्ट सांगून झाली. दोन्ही वाळू द्या. ओल्यात पाय कुणी ठेवायचा नाही!