तिसरा सहा

त्रेतायुग उतरणीला लागले होते, तेव्हा नर्मदेच्या उगमाकडच्या अरण्यदेशावर दृढसेन नावाचा राजा राज्य करीत होता. तो शूर होता, दानी होता आणि सारीपाटाचा मोठा षोकी होता. त्या काळी पटावर कवड्या टाकीत. सहा बाजूंचा एकच फासा प्रथम घडवला तो तांडिल ऋषींनी, यज्ञातल्या खैराच्या समिधेतून. दुष्काळात राजाने आश्रमाला अन्न पुरवले होते, म्हणून ऋषींनी तो फासा त्याला दिला व वर दिला, "राजा, मागशील तेव्हा सहा पडेल. पण एका डावात दोनदाच. तिसऱ्यांदा मागितलास, तर आधीचे दोन्ही माघारी घेईन."

"दोन पुष्कळ झाले, भगवन्," राजा हसून म्हणाला.

पुढे राजाच्या एकुलत्या पुत्राला, उदर्काला, उपवनात सर्प डसला. वैद्यांनी हात टेकले. दिवस मावळायच्या आत स्वतः काळपुरुष दारात उभा राहिला. राजाने वाट अडवली.

"काळा, माझ्याशी पट खेळ. एक सोंगटी माझी, एक माझ्या मुलाची. त्याची घरी पोचली तर रित्या हाताने जा. तू ती मारलीस तर मुलगा तुझा."

"मांड पट," काळ म्हणाला. "मला घाई कधीच नसते."

बापाने मुलाच्या उशाशी पट मांडला. राणी सुवेला मुलाचे डोके मांडीवर घेऊन बसली. डाव रंगला. राजाने वर राखून ठेवला होता. शेवटी उदर्काची सोंगटी घरापासून बारा घरांवर आली. तिच्या मागे तीन घरांवर काळाची काळी सोंगटी होती, आणि त्या काळीच्या मागे सहा घरांवर राजाची.

राजाने मनात सहा मागितला. सहा पडला. उदर्काची सोंगटी घरापासून सहा घरांवर आली. सहा पडला की पुन्हा दान मिळे. राजाने पुन्हा मागितला. पुन्हा सहा.

मांडीवरच्या मुलाने डोळे किलकिले केले.

"आर्यपुत्र, न्या त्याला आत," राणी म्हणाली.

काळ मिशीत हसला. "ने बाबा, ने. माझी सोंगटी तुझ्या माऱ्यात उभी आहे, पण मला मारायला हात कुणाचा उठलाय? क्षत्रियही शेवटी घरच गाठतात."

राजाचे कान तापले. मृत्यूला मारणारा पहिला पुरुष! असा योग पुन्हा कुठला?

"अहो, आधी मुलगा!" राणी ओरडली.

पण राजाने स्वतःची सोंगटी उचलली, सहा घरे चालवली आणि काळी सोंगटी पटाबाहेर भिरकावली. "बघ, काळा! मेलास!"

"मेलो खरा," काळ शांतपणे म्हणाला. "दान तुझेच आहे. टाक."

आता राजाने पट पाहिला. मुलगा अजून दाराबाहेरच होता, सहाच घरे दूर. नुसता फासा टाकता आला असता, पण राजाचा धीर सुटला. "सहा!" तो मोठ्याने ओरडला.

सहा पडला. त्याच क्षणी फाशातून धूर निघाला आणि सोंगट्या आपोआप सरकल्या. उदर्काची पुन्हा बारा घरांवर आली, राजाची मागे गेली, काळी उठून आपल्या जागी बसली.

काळाने फासा उचलला. तीन पडले.

राणीच्या मांडीवरचे डोके जड झाले.

राजाने फासा जमिनीवर आपटला. "माझा तिसरा सहा जळाला, तसा यापुढे प्रत्येक खेळणाऱ्याचा जळो!"

"फाशाला कशाला बोल?" राणी म्हणाली. "पुरते तेवढे त्याने दिले होते."

काळ उठला आणि आपले घेऊन चालता झाला. राजाचा शाप मात्र पटावर राहिला. अजूनही लागोपाठ तिसरा सहा पडला की तो जळतो, आधीचे दोन्ही घेऊन जळतो.

काळ गेल्यावर सुवेलेने मुलाची सोंगटी उचलून स्वतःच्या हाताने घरात ठेवली. फासा न टाकता ठेवलेली सोंगटी तेव्हाही घरी गेली असे कुणी धरले नाही. आजही धरत नाहीत.