नखापुरती खाच

फार पूर्वी, हत्यारं आपापसांत हळू आवाजात बोलत, त्या काळची ही गोष्ट. तळ्याकाठच्या अनसाबाईंचा नेम होता, श्रावणभर रोज एक कमळ स्वतःच्या हाताने कापून महादेवाला वाहायचं. पण बोटं आखडलेली, आणि घडीच्या चाकूचं पातं गुळगुळीत. एके दिवशी तर त्यांनी ते दातांनी ओढून उघडलं. "उद्या काही जमायचं नाही रे देवा," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

दुपारी त्यांचा डोळा लागला, तेव्हा शेजारी पडलेली लोखंड घासायची कानस म्हणाली, "चाकूदादा, तुझ्या पात्याच्या पाठीपाशी नखापुरती खाच पाडू का? बाईंना उघडायला बरं."

"नको गं. मग मी खंडित होईन. खंडित वस्तू देवाला चालत नाही."

"आणि तू रोज देठ कापतोस, ती कमळं? तीही खंडितच की. देवाने एक तरी परत पाठवलं का?"

तळ्यावरून कमळांचा वास येत होता. मग चाकू म्हणाला, "हळू घास हो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात अनसाबाईंनी नख लावलं, आणि पातं पाकळीसारखं अलगद उघडलं. पूजा झाल्यावर त्यांनी बोटावरचं उरलेलं गंध नेमकं त्या खाचेत टेकवलं.