देव सुट्टी घेतो का?

मिरजेजवळच्या एका उदबत्तीच्या कारखान्यात हा प्रश्न एकदा निघाला, आणि काढला खुद्द मालकांनी.

मालक त्र्यंबकशेठ मोठे विष्णुभक्त. कामगार बायकांनी कायद्यातली भरपगारी रजा मागितली, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बोट केलं. "हा सगळं जग चालवतो. यानं कधी सुट्टी घेतली का? घेतल्याचं दाखवा, आत्ता रजा मंजूर करतो."

बायका परत कामाकडे वळल्या. उदबत्त्या वळणारी इंदुबाई मात्र शेठच्या पुढ्यातली साबुदाण्याची खिचडी निरखत होती.

"शेठ, आज उपवास कसला?"

"देवशयनी एकादशी. आजपासून देव झोपतात."

"उठतात कधी?"

"कार्तिकीला, चार महिन्यांनी," शेठ कौतुकानं सांगू लागले.

"मग तोवर नैवेद्य बंद?"

"बंद कसा? रोज दोन वेळा असतो."

"आम्हाला चार महिने नकोत, शेठ," इंदुबाई म्हणाली. "कायद्यात बसतील तेवढेच दिवस द्या. फक्त नैवेद्य तेवढा चालू ठेवा."

शेठनी तसबिरीकडे पाहिलं. देव शेषावर निवांत पहुडले होते आणि लक्ष्मी त्यांचे पाय चेपत होती.

रजा मंजूर झाली.