पंचाच्या पायाची राख

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीतल्या एका गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची, आणि चामड्याचा चेंडू मात्र साऱ्या गावात मिळून एकच होता. दर वर्षी सुगी झाली की दोन्ही आळ्यांची मुले पायाने चेंडू खेळत. जी आळी जिंकेल तिच्याकडे तो चेंडू वर्षभर राही. हरलेल्या आळीची मुले वर्षभर चिंध्यांचा गोळा लाथाडत.

मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवलेले असत. त्याला ते वेस म्हणत. वेशीत चुलीच्या राखेची रेषा ओढलेली असे. चेंडू जमिनीवरून, ती राख मोडून आत गेला तरच गुण धरायचा. पंचाने राखेला पाय लावायचा नाही, हा नियम तर शेंबड्या पोरांनाही ठाऊक होता.

मुलांच्या खेळाला पंचही लहानच हवा, अशी तिथली रीत होती. आधी म्हातारे पंच परीक्षा घेत. मग एक सामना चालवायचा. तो नीट पार पडला की हरलेल्या बाजूच्या वेशीच्या राखणदाराने नव्या पंचाचे पाय धुवायचे. ‘तुझा निवाडा आम्हांला मान्य आहे,’ असा त्याचा अर्थ. त्यानंतर पंचाला शिंगाची शिट्टी कायमची मिळे.

त्या वर्षी परीक्षेला एका विणकराची मुलगी बसली. ती इतकी अबोल होती की मुले म्हणत, “ही शिट्टी तोंडाने वाजवणार की मनातल्या मनात?” पण तिची नजर तीक्ष्ण होती आणि सारे नियम तिला तोंडपाठ होते. चेंडू रेषेवरच थांबला तर काय, दोघांनी एकदम पाय घातला तर काय, सगळे तिने हळू आवाजात पण बिनचूक सांगितले.

शेवटी म्हाताऱ्या पंचांनी विचारले, “आणि तुला दिसलेच नाही तर?”

“दोन्ही हात रिकामे वर करायचे. मोठ्याने म्हणायचे, मी पाहिले नाही. मग दोन्हीकडच्या मुलांना बोलावून राख दाखवायची.”

“उत्तर सगळ्यांनाच येते, पोरी,” म्हातारे म्हणाले. “हात मात्र फार थोड्यांचे वर जातात.”

त्यांनी तिच्या खांद्यावर पंचाचा तांबडा शेला टाकला आणि त्या सामन्यापुरती शिट्टी तिच्या हाती दिली.

सामना रंगला. ऊन कलले तरी दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. मुलीने एकही निवाडा चुकवला नव्हता. आपल्याला शिट्टी मिळणार, असे तिला वाटू लागले, आणि तेवढ्यात खांद्यावरचा शेला घसरला. तो सारखा करायला तिने मान वळवली. त्याच वेळी खालच्या आळीच्या वेशीपाशी धुरळा उठला.

तिने वळून पाहिले तेव्हा खालच्या आळीची राखणदार, धनगराची धाकटी, चेंडू पोटाशी धरून पालथी पडली होती. वरच्या आळीची मुले हात उंचावून नाचत होती. सगळे गाव आता मुलीकडे पाहत होते.

हात वर करायचे तिला आठवले. पण एवढ्या लोकांसमोर, पहिल्याच सामन्यात, ‘मी पाहिले नाही’ म्हणायचे? तिचे हात जागचे हलले नाहीत. तिने शिट्टी फुंकली आणि चेंडू आत गेल्याचे जाहीर केले.

धाकटी उठली. “ताई, राख बघ ना,” एवढेच म्हणाली.

मुलगी वेशीपाशी गेली. राखेची रेषा अखंड होती. शिट्टी फुंकून झाली होती. मागून मुले येत होती. मुलीने एक पाऊल पुढे टाकले, आणि तिच्या उजव्या अंगठ्याने राख मोडली.

“रेषा मोडलेली आहे,” ती म्हणाली. धाकटी तिच्या पायाकडे पाहत राहिली. आणखी काही बोलण्याआधीच, पंचाशी वाद घातला म्हणून मुलीने तिला मैदानाबाहेर काढले.

धाकटी एकटीच बाभळीखाली जाऊन बसली. वरच्या आळीची मुले तिच्यासमोरून जाताना सूर लावून म्हणत, “राख बघ ना, ताई, राख बघ ना.” ते ऐकताना मुलीचे कान तापत होते. खालची आळी हरली.

मग पाटावर बसवून मुलीपुढे तांब्या आणि घंगाळ ठेवले गेले. पाय धुवायला धाकटी आली. मुलीने उजवा पाय मागे ओढला, पण रीत म्हणजे रीत. धाकटीने तो हातात घेतला. अंगठ्याच्या नखाच्या कडेला करडी राख चिकटली होती.

दोघींनीही ती पाहिली. वाकलेल्या धाकटीखेरीज कुणाला ती दिसणे शक्य नव्हते. तिने ओरडायला तोंड उघडले नाही. एकदा खोटी ठरल्यावर तिचे ऐकणार कोण? ती अंगठा चोळू लागली आणि हलकेच म्हणाली, “धुऊन टाकते, ताई. मग कुणाला दिसणार नाही.”

मुलीला वाटले, या घंगाळातच आपण विरघळून जावे. त्या इवल्या बोटांना आता राख लागली होती. मुलीने पाय सोडवून घेतला, उभी राहिली आणि राखेचा अंगठा सगळ्यांना दिसेल असा पुढे केला.

“चेंडू आत गेला की नाही, मी पाहिलेच नव्हते,” ती म्हणाली. “राख अखंड होती. ती मी मोडली. ही खरे बोलत होती.”

म्हाताऱ्या पंचांनी तिच्या खांद्यावरचा शेला काढला आणि शिट्टी परत घेतली. त्यांनी सामना बरोबरीत सुटल्याचे सांगितले, आणि चेंडू सहा-सहा महिने वाटून दिला. वर्षभर रेषा ओढायचे काम मुलीकडे आले. ती वाकून राख ओढू लागली की पोरे म्हणत, “बाई, अंगठा सांभाळ.” ती रेषा पुरी करून मगच उठे. धाकटी तर कितीतरी दिवस तिच्याशी बोललीच नाही.

पुढच्या सुगीला मुलगी पुन्हा परीक्षेला बसली. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. खेळाडूंच्या गर्दीत चेंडू दिसेनासा झाला, आणि मुलीने दोन्ही हात वर केले.

“मी पाहिले नाही,” ती म्हणाली. आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचला. मग तिने दोन्हीकडच्या मुलांना बोलावले, त्यांना राख दाखवली आणि स्वतः हातभर लांब उभी राहिली.

खालची आळी त्या वर्षी हरली, पण रीतसर हरली. धाकटी तांब्या घेऊन आली. तिने मुलीचा उजवा पाय उचलून अंगठा नीट निरखला.

“या खेपेला नुसती मातीच आहे, ताई,” ती म्हणाली, आणि तिने पाणी ओतले.

तात्पर्य: चूक कुणाच्याही नजरेची होते, पण ती पायाखाली झाकली, की तिचा डाग दुसऱ्याच्या हाताला लागतो.