एरंडाला आधी पाणी

एकदा एक आवाज ऐकला होता, फार वर्षांपूर्वी. दिवस मावळताना एरंडाच्या पानावर पंख थरथरल्याचा. इतका बारीक, की शेजारी कुणी खोकलं असतं तरी हरवला असता.

त्या मळ्यात मी दारे धरायचो, पाटाचं पाणी पिकाकडे वळवायचो. मालक एक वृद्ध शेतकरी. त्यांच्याकडे शेती शिकायला एक शिष्य येई, बायकोपोरांचा माणूस; बायकोचं नाव कौतिका. वृद्धाने भुईमुगाच्या चारी बाजूंनी एरंड लावला होता. पतंगाच्या मादीला एरंडाचं पान फार आवडतं. ती तिथे अंडी घालते, भुईमूग वाचतो. अंड्यांचं पान मात्र रोज सकाळी खुडून पुरायचं. एवढंच काम शिष्याकडे होतं.

महिनाभर त्याने ते केलंच नाही. "एरंड आहे, सोसतो," म्हणायचा. अळ्यांनी एरंडाच्या काड्या केल्या, आणि मग भुईमुगाच्या पानांखाली अंडी दिसू लागली.

त्या संध्याकाळी वृद्धाने मला पाणी आधी एरंडाकडे वळवायला सांगितलं.

"बाबा, भुईमूग जातोय, आणि तुम्ही काड्यांना पाणी पाजताय?" शिष्य म्हणाला.

"बस जरा. घरी कसं आहे?"

"कौतिका माहेरी निघालीय. बोचकं बांधून बसलीय, दिवेलागणीची गाडी आहे. ना भांडण, ना तंटा!"

"काही म्हणाली?"

"ती कधी काही म्हणते का? आई तिच्यावर ओरडते, पोरं ओरडतात, मळ्यातला राग मीही तिच्यावरच काढतो. सवय आहे तिला."

वृद्धाने एरंडाच्या काड्यांकडे बोट केलं.

"पतंगीण पाय टेकवून पान चाखते, गड्या. स्वतःसाठी नाही, पिल्लांसाठी. पान उरलं नाही, की ती पुढे जाते. एरंडावर आपण भार टाकला, तो त्याने घेतला. पण सोसणाऱ्याचा भार रोजच्या रोज उतरवावा लागतो. तुला ते पान खुडायला किती वेळ लागला असता?"

शिष्य मान खाली घालून खुरप्याने माती उकरत राहिला. एका काडीला एकच कोवळं पान फुटलं होतं. त्यावर एक पतंगीण येऊन टेकली. तेव्हाच तो आवाज झाला. त्यानेही तो ऐकला असावा, कारण त्याने मान वर केली.

मग खुरपं बांधावर ठेवून, चपला तिथेच विसरून, तो काही न बोलता गावाच्या वाटेने भराभर निघून गेला.